विषाणुनिष्क्रियण-परीक्षा
विषाणूची संसर्गक्षमता नष्ट करून त्याचा प्रतिकारशक्ती जागविण्याचा गुण राखणे, यास निष्क्रियण म्हणतात. लशीत संसर्गक्षम विषाणू उरला नाही, हे पडताळणाऱ्या परीक्षेचे महत्त्व १९५५ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. अमेरिकेत फॉर्माल्डिहाइडने निष्क्रिय केलेल्या पोलिओ लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहिले व लस टोचलेल्या अनेक मुलांना पक्षाघात झाला. गुठळ्यांमधील विषाणूंपर्यंत रसायन पोहोचले नव्हते. तपासणीही पुरेशी संवेदनक्षम नव्हती.

महाराष्ट्रात पुणे येथे १९५२ मध्ये विषाणु संशोधन केंद्र स्थापन झाले; १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे नाव मिळाले. तेथे २०२० मध्ये वेगळ्या केलेल्या करोना विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘कोव्हॅक्सिन’ ही लस तयार केली. तीत बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रियण केले जाते.

परीक्षेची मूळ रीत ऊतकसंवर्धनाची आहे. नमुना जिवंत कोशिकांवर घालतात, त्यांतील द्रव पुन्हा ताज्या कोशिकांवर घालतात व कोशिकानाश होतो का ते पाहतात. यास अनेक दिवस लागतात. प्रतिदीप्त प्रतिपिंडांमुळे कोशिकांतील वाढ लवकर ओळखता येते. पॉलिमरेज शृंखला विक्रिया (पीसीआर) काही तासांतच विषाणूचे न्यूक्लिइक अम्ल दाखविते. मात्र ते मृत विषाणूतही शिल्लक असते. म्हणून नमुना प्रथम कोशिकांत ठेवून या अम्लाचे प्रमाण वाढते का, हे पाहतात. अशा शीघ्र पद्धतींनी प्रतीक्षा कमी झाली. तथापि मृत व जिवंत यांचा निवाडा अद्याप जिवंत कोशिकाच करते.