एका एन्झाइममध्ये दडलेली सजीवांची वंशावळ

टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध जिवाणूंचं एक एन्झाइम बंद पाडतं. तेच काम करणारं एन्झाइम आपल्या पेशींतही आहे, मग ते बंद का पडत नाही? याचं उत्तर सजीवांच्या जुन्या नात्यांत आहे. या एन्झाइमचं नाव आरएनए पॉलिमरेज.

हे एन्झाइम करतं काय?

डीएनएमधल्या माहितीची आरएनए प्रत काढणं हे त्याचं काम. प्रत निघाली नाही तर प्रथिनं बनत नाहीत आणि पेशी मरते. म्हणूनच त्याच्या मुख्य भागात बिघाड करणारे बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाहीत. जिवाणू, यीस्ट आणि माणूस या तिघांतही या एन्झाइमच्या केंद्रस्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे तेच तीन घटक मॅग्नेशियम धरून बसलेले दिसतात.

नातं कसं शोधतात?

वेगवेगळ्या सजीवांमधल्या या प्रथिनाच्या अमिनो आम्लांचा क्रम एकाखाली एक मांडतात आणि फरक मोजतात. साधारणपणे फरक कमी, तर नातं जवळचं. मात्र सगळीकडे बदलांचा वेग सारखा नसतो, म्हणून वंशवृक्ष काढताना संख्याशास्त्राचा आधार घ्यावा लागतो.

क्रम खूप बदलला तरी प्रथिनाचा आकार बराच काळ टिकतो. १९९९ मध्ये जिवाणूच्या आणि २००१ मध्ये यीस्टच्या आरएनए पॉलिमरेजची रचना समोर आली. जिवाणूच्या एन्झाइमच्या गाभ्यात ५ घटक, यीस्टच्या मुख्य एन्झाइममध्ये १२. तरी दोन्हींचा गाभा खेकड्याच्या नांगीसारखा! यीस्टवरच्या या कामासाठी रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दिसतं तसं नसतं

आर्किया हे सूक्ष्मजीव दिसायला जिवाणूंसारखेच, त्यांच्यातही केंद्रक नसतं. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून त्यांचा गट वेगळा असल्याचं दाखवलं. आरएनए पॉलिमरेजनेही तीच साक्ष दिली. आर्कियातलं हे एन्झाइम जिवाणूंपेक्षा आपल्या एन्झाइमच्या जवळचं आहे आणि रिफाम्पिसिन त्याला रोखू शकत नाही.

वनस्पतींच्या हरितलवकात मात्र जिवाणूच्या धाटणीचं आरएनए पॉलिमरेज सापडतं, कारण हरितलवकांचा पूर्वज सायनोबॅक्टेरिया हा जिवाणूच होता.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्या मायटोकॉन्ड्रियातलं आरएनए पॉलिमरेज एकाच घटकाचं असतं आणि त्याची रचना जिवाणूंना मारणाऱ्या टी-७ विषाणूच्या एन्झाइमसारखी आहे. म्हणजे काम सारखं असलं तरी घराणं वेगळं असू शकतं. म्हणूनच क्रमासोबत रचनाही पाहावी लागते.

आपल्याला याचा उपयोग काय?

रिफाम्पिसिन जिवाणूच्या एन्झाइममधल्या एका खाचेत बसतं आणि वाढणाऱ्या आरएनएची वाट अडवतं. आपल्या एन्झाइममध्ये ती खाच वेगळी असल्याने औषध तिथे बसत नाही.

टीबीचे जंतू या औषधाला दाद देईनासे होतात तेव्हा बहुतेक वेळा बदल याच एन्झाइमच्या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात झालेला असतो. भारतात टीबीसाठी होणारी सीबीनॅट चाचणी नेमका हाच तुकडा तपासते आणि त्यावरून रिफाम्पिसिन चालेल की दुसरं औषध लागेल, हे डॉक्टरांना काही तासांत कळतं.