जत्रा, प्रदर्शन आणि फैजपूर

घरची कामे बाजूस ठेवून एखादा दिवस केवळ पाहण्यात घालवावा, ही गोष्ट आपल्या लोकांस कोणी शिकवावी लागली नाही. वरणगावच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मनुष्यास तर ती लहानपणापासूनच ठाऊक असते. महाशिवरात्र आली की तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवास आणि मुक्ताबाईस, माणसांची रीघ लागते. दर्शन होते, नारळ फुटतो आणि मग उरलेला दिवस दुकानांच्या रांगांतून हिंडण्यात जातो. घेणे थोडे, पाहणे फार. निमित्त देवाचे असले तरी दिवस सगळ्या घराचा असतो.

प्रदर्शन ही या जत्रेची धाकटी बहीण. मात्र तिच्या घरात देव नाही. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कात काचेचा प्रचंड महाल उभारून जगातील मालाचे जे प्रदर्शन भरले, त्यात साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर प्रेक्षकांची नोंद झाली. आरंभी प्रवेशाचा दर श्रीमंतांनाच परवडण्याजोगा होता. पुढे आठवड्यातील काही दिवस एका शिलिंगात आत सोडू लागले, आणि आगगाडीच्या सवलतीच्या फेऱ्यांनी गावोगावचा कामकरी वर्ग तेथे लोटला. या कल्पनेला पुढे अनेक शाखा फुटल्या. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन एका वृत्तपत्राने भरविले, अमेरिकेत त्याच सुमारास केवळ नौकांची प्रदर्शने भरू लागली होती. ज्याला नौका विकत घेणे जन्मात शक्य नाही, असा मनुष्यही बायकामुलांसह तेथे जातो, चकचकीत सुकाणूस हात लावतो आणि संध्याकाळी आनंदाने घरी परततो. त्या आनंदास हसण्याचे कारण नाही. परंतु परतताना त्याच्या मनात एक नवी उणीव घर करून बसलेली असते. सकाळपर्यंत जे त्याला नको होते, ते आता आपल्यापाशी नाही असे त्याला वाटू लागते. अशा प्रदर्शनाचा खरा व्यापार हाच होय.

आपल्याकडे हे लोण लवकरच पोचले. पुण्यास 1888 साली औद्योगिक प्रदर्शन भरले. 1901 च्या कलकत्त्याच्या काँग्रेसपासून अधिवेशनाच्या जोडीला देशी मालाची प्रदर्शने भरू लागली, आणि 1904 साली मुंबईसही तसे प्रदर्शन झाले. त्यांमागील हेतू स्वदेशीचा व उदात्त होता. तथापि ती शहरांत भरत, आणि खेडुताने तेथे जावयाचे ते बहुधा प्रेक्षक म्हणूनच. त्याने पाहावे आणि थक्क व्हावे, एवढेच काम त्याच्याकडे उरे.

ही रीत उलटी करण्याचा प्रयत्न आमच्या खानदेशात झाला. 1936 च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन फैजपुरास भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. ज्या नगरात ते भरले, त्याला टिळकनगर हे नाव दिले होते. त्याची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, आणि गांधीजींचा आग्रह असा, की साहित्य या भागातले व हात या भागातल्या कारागिरांचे असावेत. म्हणून बांबू, तट्टे, गवत यांचीच कमानी व मंडप उभे राहिले. अध्यक्षांची मिरवणूकही बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या रथातून निघाली. अधिवेशनाला जोडून भरलेले खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींनी उघडले. त्याच्या पाठीशी 1925 चा चरखा संघ आणि 1934 चा ग्रामोद्योग संघ यांची खटपट होती.

वरणगावचा एखादा शेतकरी तापी उतरून त्या दिवशी फैजपुरास गेला असेल, अशी कल्पना करावी. पहाटे गाडी जुंपलेली, फडक्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत बांधलेले, मागे मुलेबाळे. त्याने तेथे काय पाहिले? लंडनचा प्रेक्षक न पाहिलेली वस्तू पाहावयास जात असे. याने आपल्या घरची वस्तू पाहिली. तट्ट्याची भिंत त्याच्या गोठ्यालाही होती. परंतु तिला कमानीचा डौल येऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. कापूस तर त्याचा जन्माचा सोबती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत भुसावळहून निघालेला लोहमार्ग वरणगावावरून नागपूरपर्यंत पोचला. आणि दारचा कापूस गाडीत बसून मुंबईस, तेथून समुद्रापार जाऊ लागला. तो परत येई तो धोतरजोडी होऊन, आणि तिची किंमत देताना सावकाराचे तोंड पाहावे लागे. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे, विणणे ही मधली साखळी त्याच्या अंगणातून केव्हा नाहीशी झाली, हे त्याला कळलेही नव्हते. खादीच्या प्रदर्शनाने दाखवावयाची ती हीच साखळी. त्याच अधिवेशनात शेतसारा व खंड कमी करण्याची आणि शेतकऱ्याच्या कर्जाला उतार देण्याची मागणी ठरावरूपाने मांडली गेली. मंडपातील ठराव आणि बाहेरील चरखा एकाच दुखण्याविषयी बोलत होते.

कोणी म्हणेल, यातून निष्पन्न काय झाले? टिळकनगर उठले, बांबू मोडले गेले, गिरण्यांची धुराडी होती तशीच धूर ओकीत राहिली. आलेल्या गर्दीपैकी बहुतेक जण नेहरूंना व गांधीजींना पाहावयास आले असतील आणि चरख्यावरून नजर टाकून पुढे गेले असतील, हेही मान्य केले पाहिजे. खेड्याचे अर्थकारण चार दिवसांच्या देखाव्याने पालटत नाही. परंतु देखाव्याची परीक्षा केवळ त्या मोजमापाने करणे न्याय्य नव्हे. प्रदर्शन पाहून आलेला मनुष्य आपल्या दारात पाऊल ठेवतो, तेव्हा घर त्याला कसे दिसते, ही खरी कसोटी होय. एक प्रदर्शन असे, की ज्यानंतर घर अपुरे दिसते. दुसरे असे, की ज्यानंतर गोठ्याच्या तट्ट्याकडे व कोपऱ्यातील कापसाकडे मनुष्य पुन्हा एकवार पाहतो.

आज शहरांतून घरांची व गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शने भरतात; सदनिकेच्या नमुन्याशेजारीच कर्जाचे अर्ज मांडलेले असतात. तेथे अवश्य जावे, मुलांना न्यावे, दिवस मजेत घालवावा. फक्त फैजपूरची आठवण ठेवून परतीच्या वाटेवर स्वतःस एवढे विचारावे: आज आपण काय पाहिले, आणि आपल्याला काय दिसू लागले?