डाव्या सीटची एअरबॅग

कोहमाऱ्याला महामार्ग सोडला की नवेगाव बांधचा रस्ता लागतो. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. पंचक्रोशीतल्या लोकांची भिस्त मात्र कैक वर्षे काळीपिवळीवरच होती. तिच्यात ड्रायव्हरशेजारी दोघे-तिघे दाटीवाटीने बसत, आणि त्यांच्यापुढे असे नुसता डॅशबोर्ड. नाशिकच्या कारखान्यातली बोलेरो २००० साली बाजारात आली; तिच्या डाव्या सीटपुढे एअरबॅग यायला त्यानंतर दोन दशके जावी लागली.

तंत्र तर फार जुने होते. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना अशा हवेच्या उशीचे पेटंट १९५३ मध्येच मिळाले होते. १९७३ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनाडोत ती पुढच्या प्रवाशासाठीही बसवली गेली. आपल्याकडे मात्र ती ‘टॉप मॉडेल’ची चैन ठरली. म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हीलच्या यादीत तिचे नाव असे.

ही समजूत हलली जानेवारी २०१४ मध्ये. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या आणि प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे दिले. त्यात चाकणला बनणारी, एअरबॅग नसलेली फोक्सवॅगन पोलो होती. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणेच थांबवले.

कायदा सावकाश आला. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ ही तारीख होती. जुन्या मॉडेलची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२१ वर गेली. त्यामुळे आज इथल्या एमएच-३५ पाटीच्या गाड्यांत तिन्ही पिढ्या सापडतात: एकही एअरबॅग नसलेली, फक्त ड्रायव्हरची असलेली आणि दोन्ही असलेली.

एअरबॅग एकदाच उघडते. धडक जाणवताच कंट्रोल युनिट इन्फ्लेटरमधली ठिणगी पेटवते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पिशवी फुगते. शेजारच्या सीटची पिशवी डॅशबोर्ड फाडून बाहेर येते, म्हणून पुष्कळदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. खर्चाचा आकडा ऐकला की मालकाला भंगारातली पिशवी आठवते. काही ठिकाणी तर पिशवी न बसवताच रेझिस्टर जोडून मीटरवरचा दिवा तेवढा विझवतात. पुढच्या धडकेत त्या जागेतून काहीही बाहेर येत नाही.

जाणता मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबतो, कारण बॅटरी सुटल्यावरही सिस्टीममध्ये थोडा वेळ वीज साठून असते. पिशवीच्या वायरला तो साधा मीटर लावत नाही. नवी पिशवी उघडणारी बाजू अंगापासून लांब धरून नेतो आणि ठेवताना ती बाजू वर ठेवतो. धडकेची नोंद झालेले कंट्रोल युनिट आणि आवळले गेलेले सीटबेल्टही तो तपासतो.

जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते. जपानच्या टाकाटा कंपनीने इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडते. मग पिशवी फुगताना इन्फ्लेटरच फुटतो आणि धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडाच्या जुन्या सिटी, जॅझसारख्या गाड्यांचे इन्फ्लेटर फुकट बदलून देण्यात आले. मे महिन्यात होरपळणाऱ्या आणि पावसाळ्यात चार महिने ओलसर राहणाऱ्या पूर्व विदर्भात अशी जुनी गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबर कंपनीकडे आधी तपासून घ्यायला हवा.

एअरबॅग सीटबेल्टच्या जोडीनेच काम करते, आणि तीही मोठ्या माणसाचा अंदाज धरून बनवलेली असते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यावर दगावला. कारखान्यातून एअरबॅगशिवाय निघालेल्या गाडीत ती नंतर बसवताही येत नाही. सेन्सर, वायरिंग, डॅशबोर्ड सगळेच त्या मॉडेलच्या हिशेबाने जुळवलेले असते. आणि न उघडलेली जुनी पिशवी काढली, तर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नये. आतला स्फोटक पदार्थ जिवंत असतो, आणि गॅस कटरची आच लागली की तो पेट घेतो.