तीन वेळा पुकारा: पैठणची नाणी आणि लिलावातली खोटी बोली



आजचा विषय लिलावाचा आहे, आणि आपण तो पैठणात बसून बोलतो आहोत याला कारण आहे. इथल्या पांढरीच्या मातीतून जे निघतं, ते आज मोबाइलच्या पडद्यावर लिलावाला लागतं. पाऊस पडून गेला की टेकाडावर एखादं सातवाहनांचं नाणं उघडं पडतं. शिशाचं किंवा पोटीनचं, एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. पूर्वी ते मुलांच्या खेळण्यात जायचं. आता त्याचा फोटो निघतो आणि बोली सुरू होते.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करू. काही वर्षांपूर्वी आम्ही असंच एक पोटीनचं नाणं एका ऑनलाइन लिलावात पाहिलं. बोली ४०० रुपयांपासून होती. अशा ठिकाणी आपण आपली कमाल रक्कम आधीच भरून ठेवायची असते. समोरचा जितका चढेल, त्याच्या एक पायरी वर यंत्र आपल्या वतीनं बोली लावतं. आम्ही २,५०० भरले आणि झोपलो. सकाळी नाणं आमचं होतं, २,४०० ला. रात्रभर एकच गिऱ्हाईक शंभर-शंभरानं चढत आलं होतं आणि बरोबर आमच्या मर्यादेच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पुढे तीन महिन्यांनी त्याच विक्रेत्याचे जुने निकाल उघडून बघितले. तेच गिऱ्हाईक त्याच्या अकरा लिलावांत होतं आणि एकाही लिलावात जिंकलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या मालावर त्यानं बोलीच लावलेली दिसेना. म्हणजे आम्ही रात्रभर ज्याच्याशी स्पर्धा केली, तो बहुधा विक्रेत्याचाच माणूस होता. ‘बहुधा’ म्हणतो, कारण सिद्ध करणं आमच्या हातात नव्हतं. हा ‘बहुधा’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

याला आपण खोटी बोली म्हणू. माल घ्यायचा नसतो, भाव फक्त चढवायचा असतो. ही लबाडी इंटरनेटनं जन्माला घातली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती जवळजवळ लिलावाइतकीच जुनी असावी.

सातवाहनांच्या काळातलंच उदाहरण घेऊ. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव, आणि इथून गोमेदासारखा दगड गाड्यांतून बंदराकडे जायचा. तो समुद्रापलीकडे ज्या रोमन जगात पोहोचायचा, तिथं लिलाव रोजचे होते. त्या रोममध्ये इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोनं कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की प्रामाणिक विक्रेत्यानं भाव चढवायला बोली लावणारा माणूस उभा करू नये, आणि घेणाऱ्यानंही भाव पाडायला आपला माणूस उभा करू नये. म्हणजे दोन्ही लबाड्या तेव्हा माहीत होत्या. जो प्रकार अस्तित्वातच नाही, त्याला कुणी मनाई करत नाही.

आता आपल्याकडे या. कौटिलीय अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचं, म्हणजे जकातीच्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. व्यापाऱ्यानं नाक्यावर ध्वजाजवळ उभं राहून पुकारायचं: इतका माल, इतकी किंमत, कोण घेणार? असं तीनदा. जमीनजुमल्याच्या विक्रीलाही शेजाऱ्यांसमोर तीनदा पुकारा आहे. आजही आपल्याकडे ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणतात. दोन्हींत थेट नातं आहे असा आमचा दावा नाही, पण हेतू एकच दिसतो: सगळ्यांना ऐकू जावं, आणि नंतर कुणी ‘मला कळलंच नाही’ म्हणू नये.

खरी गंमत पुढच्या नियमात आहे. गिऱ्हाइकांच्या चढाओढीमुळे किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोषात जमा करायची. विक्रेत्याला मिळणार त्यानं पुकारलेलीच किंमत. वरवर पाहता ही राजाची हाव वाटेल, आणि ती असेलही. पण परिणाम बघा. चढलेला पैसा आपल्याला मिळणारच नसेल, तर विक्रेता खोटं गिऱ्हाईक कशाला उभं करील? त्याची मजुरी कुठून देईल? नियम याच हेतूनं केला होता असं ग्रंथ सांगत नाही. पैठणच्या बाजारात तो पाळला जात होता, असंही आम्ही म्हणत नाही. पण खोट्या बोलीचं मूळ कुठं आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं. चढाओढीचा फायदा ज्याला, खोट्या बोलीचा मोह त्याला.

आता मोठी उडी मारू, थेट १७७६ सालच्या लंडनमध्ये. लिलाववाला ख्रिस्ती, ज्याच्या नावाची पेढी आजही जगप्रसिद्ध आहे, त्याच्यावर एक खटला झाला. घोड्याच्या मालकाचं म्हणणं, ‘पंधरा पौंडांच्या खाली विकू नको असं सांगितलं होतं, तरी त्यानं विकला.’ न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी लिलाववाल्याची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा असा की, ठरावीक किमतीखाली विकायचं नसेल तर बोली तिथूनच सुरू करा किंवा तसं उघड जाहीर करा. चोरून स्वतःच्या मालावर बोली लावायची, ही बाकीच्यांची फसवणूक आहे.

हाच विचार आपल्या कायद्यात आला. आधी १८७२ च्या करार कायद्यात, मग १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल, तर तो हक्क त्यानं आधी जाहीर करून राखून ठेवला पाहिजे. किमान किंमत ठेवायलाही हरकत नाही. आपण जिला ‘सरकारी बोली’ म्हणतो ती त्यातलीच. पण भाव चढवायला खोटी बोली लावली, तर घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो. बघा, कायद्याला विक्रेत्यानं भाव मागण्याचं वावडं नाही. वावडं आहे ते लपण्याचं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मराठवाड्यात लिलावाला हर्रास म्हणतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे होताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. शेतमालातही असे झाकलेले सौदे चालायचे. भाव दोघांना कळायचा, तिसऱ्याला नाही, आणि मधला दलाल दोन्हीकडून खायचा. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथं १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला, आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा. या सगळ्यांची दिशा एकच: रुमाल काढा, बोली उघड्यावर आणा. म्हणून बाजार समितीत ढिगाभोवती घोळका जमतो. तिथं व्यापारी संगनमत करून भाव पाडतात, ही तक्रार आहेच. सिसेरोनं सांगितलेली ती दुसरी बाजू. पण निदान बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. ‘हा तर अमक्याचा मेहुणा, हा कशाला घेतोय?’ असं शेजारचा कानात सांगू शकतो.

इंटरनेटनं नेमका हा शेजारचा माणूस काढून घेतला. १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे सुरू झालं. आपल्याकडे २००० च्या सुमारास मुंबईत बाझी डॉट कॉम आलं, ते २००४ मध्ये ईबेनं विकत घेतलं. गावातल्या संग्राहकाला घरबसल्या देशभरची नाणी दिसू लागली, हे मोठंच काम झालं. पण बोली लावणाऱ्याच्या जागी एक टोपणनाव आलं, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी तेही अर्धं झाकलं गेलं. एका माणसाची चार नावं होऊ शकतात. रुमाल परत आला म्हणा ना!

हा रोग खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात फार मोठा दिसला. आपल्याकडे च्युइंगगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं यायची, तशी अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची यायची. त्यातलं होनस वॅग्नरचं एक कार्ड १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना, आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरना विकलं गेलं. ते कार्ड पूर्वी ज्याच्या हातातून गेलं होतं, तो बिल मास्ट्रो पुढे अशा वस्तूंच्या लिलावातला बडा माणूस झाला. २०१३ मध्ये त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. आपल्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवले होते, आणि त्या प्रसिद्ध कार्डाच्या कडाही आपणच कापून ते नीटनेटकं केलं होतं. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. खोटा माल आणि खोटी बोली एका घरात राहतात, ते असं.

आता कुणी म्हणेल, हौशी लोकांचे पैसे गेले तर गेले, इतिहासाला त्याचं काय? आम्हीही आधी तसंच म्हणत होतो.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. पैठणच्या राजानं क्षत्रपांना हरवलं, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. पण तो पुरावा एकेका नाण्यात नाही. तो साठ्यात आहे, मोजणीत आहे, किती नाण्यांवर छाप आहे आणि किती नाण्यांवर नाही, यात आहे. समजा, हा साठा आज सापडला आणि तेरा हजार वेगवेगळ्या लिलावांत विखुरला. सगळी नाणी शाबूत राहतील. इतिहास मात्र जाईल.

म्हणूनच १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. पण कायदा कागदावर असतो आणि भाव मोबाइलवर.

आमचं ते २,४०० चं नाणं आम्ही हौसेनं सगळ्यांना दाखवत होतो. एका गावात दहावी-बारावीतल्या एका पोरानं विचारलं, “सर, याला एवढे पैसे मिळतात? आमच्या पांढरीत असली लई हायत.” त्या वेळी आम्हाला आमच्या फजितीचा खरा हिशोब कळला. आमचे दोन हजार जाऊ द्या. जो भाव कुणी खरंच देणार नव्हता, तो आमच्या तोंडून त्या पोरापर्यंत पोहोचला होता, आणि त्याच्या घरात कुदळ होती. आम्ही त्याला सांगितलं की हा भाव खोटा आहे. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही. पावती तर आमच्याच हातात होती.

भाव ही एक साक्ष असते, मंडळी: ही वस्तू इतक्या जणांना इतकी हवी आहे, अशी साक्ष. खोटी बोली म्हणजे खोटी साक्ष. तिच्यावरून पुढचा विक्रेता किंमत ठरवतो, नकली नाणं ओतणारा साचा करतो, आणि कुणीतरी रात्री टेकाड खणतो.

ज्यांना संग्रह करायचाच आहे, त्यांनी थोडं बघून घ्यावं. बोली चढवणारा याच विक्रेत्याकडे सारखा दिसतो का? लहान पायऱ्यांनी चढून, मर्यादा कळली की बोली मागे घेतो का? ‘घेणाऱ्यानं पैसे दिले नाहीत’ म्हणून तीच वस्तू पुन्हा लागते का? यातली एकच खूण असेल तर योगायोग, तिन्ही असतील तर हात आखडता घ्या. आणि ‘हे कुठं सापडलं?’ हा प्रश्न भावाच्या आधी विचारा. उत्तर नसेल, तर ते नाणं स्वस्तातही महाग आहे.

आमच्या ‘बहुधा’चा निकाल काही लागला नाही, लागणारही नाही. व्यवहार रद्द करायचा हक्क कायद्यानं दिला आहे, पण पडद्यामागचा माणूस ओळखायचं काम आपल्यावर सोडलं आहे. नाक्यावर ध्वजाखाली पुकारा व्हायचा, तेव्हा ते काम सगळा बाजार मिळून करायचा.

ते नाणं अजून आमच्याकडे आहे. आता कुणाला दाखवताना आम्ही किंमत सांगत नाही.