एजंटाधिष्ठित सॉफ्टवेअर विकासपद्धती : मूल्यमापन व तुलना

स्वतःची उद्दिष्टे बाळगणारा, भोवतालातील बदल टिपून आपणहून कृती करणारा व इतरांशी संवाद साधणारा सॉफ्टवेअर घटक म्हणजे एजंट. अशा घटकांची प्रणाली पायरीपायरीने कशी उभारावी हे सांगणाऱ्या पद्धतींपैकी कोणती कोणते काम पेलते, याचा हा अभ्यास. योआव शोहॅम यांनी १९९३ मध्ये एजंटाधिष्ठित प्रोग्रॅमिंगची मांडणी केली आणि पुढील दहा वर्षांत पद्धतींची इतकी गर्दी झाली की निवड हाच प्रश्न बनला.

गाया पद्धत (वुलड्रिज, जेनिंग्ज व किनी, २०००) प्रणालीला संघटना मानते आणि भूमिका, जबाबदाऱ्या व अधिकार ठरवते. मूळ गायात संघटनेची घडण स्थिर आणि एजंटांचे प्रकार शंभराहून कमी असल्याचे गृहीत होते. ज्यांचे स्वार्थ परस्परांशी भिडतात असे एजंट तिच्या कक्षेबाहेर होते. एजंट केव्हाही येऊ-जाऊ शकतात अशा खुल्या प्रणालींचा विचार २००३ च्या विस्तारात झाला. ट्रोपॉस पद्धत भूमिका ठरवण्याच्याही आधीपासून सुरुवात करते : ग्राहकसंस्थेत कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, हे ती एरिक यू यांच्या आय-स्टार प्रतिमानाने रेखाटते. मेलबर्नच्या लिन पॅडगम व मायकल विनिकॉफ यांची प्रोमिथियस पद्धत एजंटाच्या अंतरंगात, म्हणजे योजना, घटना व माहितीसाठ्यापर्यंत उतरते. स्कॉट डीलोच यांच्या ‘मासे’ पद्धतीत उद्दिष्टांच्या उतरंडीतून भूमिका आणि भूमिकांतून एजंट निघतात.

तुलनेच्या चौकटी बहुधा चार अंगे तपासतात : संकल्पना, आलेखनभाषा, प्रक्रिया व व्यवहार्यता. आर्नॉन स्टर्म व ऑन शेहोरी यांची चौकट याच घडणीची आहे. तिचा फायदा उघड आहे. कोणत्या पद्धतीत चाचणीची पायरीच नाही, हे तक्त्यात लगेच दिसते. मात्र ‘स्वायत्तता’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक पद्धतीला होकार मिळतो, कारण स्वायत्ततेशिवाय एजंटच नाही. त्या होकारातून निवड करणाऱ्याला काहीही कळत नाही. शिवाय पद्धतीचे गुण तिच्या निर्मात्यानेच मोजले, तर निकाल आधीच झुकलेला असतो.

म्हणूनच डॅम व विनिकॉफ यांची २००३ मधील तुलना अधिक मोलाची वाटते. मासे, प्रोमिथियस व ट्रोपॉस यांविषयी त्यांनी निर्मात्यांना विचारलेच, पण त्या वापरून एकाच प्रवासनियोजन प्रणालीची रचना करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही विचारले. निर्मात्याला स्वच्छ वाटणारी पायरी नवख्याला कुठे अडवते, हे अशाच प्रयोगातून उमगते. अर्थात, वर्गातली प्रणाली लहान असते. अनेक वर्षांची देखभाल, बदलत्या मागण्या आणि मोठ्या चमूतील कामवाटप यांची परीक्षा त्यात होत नाही. अशा तुलनांतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

ब्रायन हेंडरसन-सेलर्स यांनी संपूर्ण पद्धतींऐवजी त्यांचे तुकडे निवडून प्रकल्पागणिक नवी पद्धत जुळवण्याचा मार्ग पुढे नेला. तेथे तुलनेचे एककच बदलते : ट्रोपॉसचे गरज-विश्लेषण प्रोमिथियसच्या रचनेला जोडताना दोन्हींतील ‘उद्दिष्ट’ एकाच अर्थाचे आहे का, हे प्रथम तपासावे लागते.