मातीची वाट

स्मरणिका समितीचा फोन आला, "सर, तुम्ही इतिहासाचे. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी म्हणालो, प्लॉट कधी पाडले, नळ कधी आला, पहिला स्लॅब कुणाचा पडला, हे सगळं अहवालात येणारच आहे. मला एका वाटेबद्दल लिहू द्या.

ती वाट तुम्ही रोज पाहता. आपल्या खुल्या जागेच्या कडेनं, लिंबाच्या झाडांखालून जाणारी दोन हात रुंद मातीची वाट. ती कुणी आखली नाही की कोणत्या ठरावात नाही. पहिल्या वर्षी प्लॉट नंबर 7 चे गुरुजी पहाटे पाच वाजता फेऱ्या मारायला लागले. मग बायका निघाल्या, मग लेकरं पळायला लागली. गवत मेलं, वाट पडली. गुरुजी जाऊन आता सहा वर्षं झाली, पण वाट आहे.

खरं सांगायचं तर मला ती वाट कळली ती बोरिवलीत.

मागच्या हिवाळ्यात मुलाकडे गेलो होतो. मुखेडहून एसटीनं नांदेड, तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. सून दर रविवारी नॅशनल पार्कात पळायला जाते. "बाबा, तुम्ही पण चला. पळू नका, चाला." गेलो. कोट्यवधी माणसांच्या शहराला लागून सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावर पहाटे म्हातारे, तरुण, पोरीबाळी, सगळे. सून डांबर सोडून कडेच्या मातीवरून पळत होती. विचारलं तर म्हणाली, "मातीवर गुडघे वाचतात, बाबा. आणि वर-खाली असलं की लक्ष पायांत राहतं." अशा रानातल्या, डोंगरातल्या पळण्याला ही मुलं ट्रेल रनिंग म्हणतात. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वरचा घाट चढून उतरायची हिल मॅरेथॉन होते, तिलाही ती जाऊन आली आहे. ती शर्यत मात्र डांबरावरची.

मी आपला चालत कान्हेरीला पोचलो. शंभराहून अधिक लेणी, बहुतेकींजवळ पाण्याचं टाकं. तिथल्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. वरच्या अंगाला चढलं की पश्चिमेला खाडी आणि समुद्राची रेघ दिसते. तिथं बसलो आणि डोक्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

या जंगलात भिक्षू आले ते एकांतासाठी, पण वाटेपासून लांब नव्हे. उत्तरेला सोपारा बंदर, म्हणजे आजचं नालासोपारा. पूर्वेला कल्याण. कान्हेरीच्या दानलेखांत या दोन्ही गावचे दाते आहेत. मोठं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांची नावं तिथं कोरलेली आहेत. आणि सातवाहनांची राजधानी कोणती? पैठण. आपली.

पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. तिच्यात पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांवरून बंदराला जातो, असं लिहिलंय. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, जुनं तगर. तिथून साधं कापड आणि मलमल जायची. घाटमाथ्यावरून कोकणात उतरायची एक मोठी वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. तिथं आजही तो दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकत असत असं लोक सांगतात. नाणेघाट उतरला की कल्याण, आणि कल्याणच्या पलीकडे खाडी ओलांडली की ही साष्टीची डोंगररांग. मी ज्या रेल्वेनं रात्रभर झोपून आलो, ती कसारा घाटातून उतरते. घाट वेगळा, पण दिशा तीच.

नवव्या शतकातले काही लेखही कान्हेरीत आहेत. त्यांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचं नाव आहे आणि त्याचे मांडलिक असलेल्या कोकणच्या शिलाहारांची. राष्ट्रकूट म्हटलं की आपल्याला कंधार आठवतं आणि तिथला जगत्तुंग सागर. मुंबईच्या जंगलात बसून मला शेजारच्या तालुक्याची आठवण येत होती, बगा!

दान देणाऱ्यांची नावं दगडावर राहिली. ज्या बैलगाडीवानांनी, हमालांनी ही वाट पाडली, त्यांची नावं नाहीत.

मग प्रश्न पडला, एवढ्या मुंबईनं हे जंगल गिळलं कसं नाही? एक मोठं कारण पाणी. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. शहराला नळानं पाणी द्यायचं म्हणून भोवतीचे डोंगर राखले गेले. पुढं तेच राखीव रान राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे कुणीतरी वेळेवर "इथं बांधायचं नाही" असं म्हटलं, म्हणून आज माझी सून तिथं पळते.

आणि पळणं ही काही शहरातल्या लोकांची नवी हौस नव्हे. जुन्या काळी रानावनातून पळणं ही नोकरी होती. मराठेशाहीत जासूद कागद घेऊन मजल-दरमजल जायचे. इंग्रजांच्या काळात टपालाचे हरकारे घुंगराची काठी वाजवत जंगल पार करायचे. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुलं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या मनात ऑलिम्पिकचा विचार आला. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. आपल्या काळातला अविनाश साबळे तर मराठवाड्याचाच, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी रोज काही किलोमीटर तुडवणारा हा शेतकऱ्याचा मुलगा 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला.

आता मुखेडला परत येतो.

पहाटे आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहून बघा. अंधारात पोरं पळायलेत. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. सेकंदावर गुण, गुणांवर नोकरी, आणि नोकरीवर अख्खं घर. बाजूनं ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक सुसाट जातात. मुली तर तिकडं जातच नाहीत, कारण घरचे सोडत नाहीत. आपल्या वॉचमनची मुलगी दोन वर्षांपासून लिंबाखालच्या वाटेवर फेऱ्या मारते. बोरिवलीहून आल्यावर मी तिला विचारलं, "बाई, इथं पेव्हर ब्लॉक टाकले तर?" ती म्हणाली, "सर, गेटपासच्या ब्लॉकवर पळून बघितलं. पोटऱ्या लई दुखायलेत. मातीच बरी."

हे मी का विचारलं, ते इथं कबूल करतो. खुल्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्यांची सोय करायची, हा ठराव मागच्या सभेत मांडला तो मीच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घरात येतो, गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, ही अडचण खरी होती आणि आजही खरी आहे. पण तो लिहिताना मला ती वाट दिसलीच नव्हती. मला दिसली होती ती फक्त रिकामी जागा. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाची ही चूक बारकी नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत माझा ठराव मी मागे घेणार आहे. गाड्यांसाठी गेटजवळची पट्टी पुरेल, मी टेपानं मोजून पाहिली आहे. वाटेवर चिखल होऊ नये म्हणून दोन ट्रॉल्या मुरूम टाकावा, कडेनं चर काढावा. मुरमाचा खर्च माझ्याकडे. काही जणांना हे पटणार नाही, त्यांनी सभेत जरूर बोलावं. पण आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला एकदा लिंबाखाली येऊन उभं राहावं, एवढी विनंती.

तिची भरती होईल की नाही, मला माहीत नाही. मीही आता रोज चार फेऱ्या मारतो. तीन चालत, आणि कुणी बघत नसलं तर शेवटची पळत.