डिस्पोजलच्या जीपची कुळकथा

जुनी जीप विकत घेऊन ती पुन्हा मूळ रूपात उभी करणे ही आज खर्चिक हौस समजली जाते. परंतु भारतात या प्रकाराचा उगम लष्करी सामानाच्या लिलावात झाला, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय हैदराबादेत, पुण्यात किंवा मुंबईत दिसणाऱ्या जुन्या जीपांचे अंतरंग उलगडत नाही. ज्या गाडीला विकणारा छातीठोकपणे ‘ओरिजिनल’ म्हणतो, तिच्यात बहुधा दोन-चार गाड्यांचे अवयव नांदत असतात.

या गाडीचा जन्म घाईचा आहे. जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने पाव टन भार वाहणाऱ्या, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांकडे मागणी नोंदवली, तेव्हा मुदतीत नमुना सादर केला तो पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावर बेतलेली ती गाडी 23 सप्टेंबर 1940 रोजी लष्कराच्या हाती पडली. मात्र मोठ्या संख्येने गाड्या पुरवणे बँटमला झेपणार नाही असे ठरवून लष्कराने पुढचे काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना दिले, आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. जिने वाट दाखवली तिच्या वाट्याला युद्धभर मुख्यतः ट्रेलर बनवण्याचे काम आले, हा या कुळातला पहिला अन्याय म्हणावा लागेल.

आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे या गाड्या भारतात मोठ्या प्रमाणावर आल्या आणि युद्ध संपल्यावर परत नेणे परवडत नसल्याने येथेच राहिल्या. सरकारला नको असलेल्या मालाची विल्हेवाट म्हणजे डिस्पोजल. त्यावरून लिलावात निघालेल्या गाडीला ‘डिस्पोजलची जीप’ हे नाव पडले आणि ते आजतागायत टिकून आहे. ठेकेदार, बागायतदार, शिकारी आणि पुढे निवडणुकीचे उमेदवार हे तिचे गिऱ्हाईक होते. त्यांना इतिहास जपायचा नव्हता, गाडी चालती ठेवायची होती. सुटे भाग मिळत नसल्याने तीन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी जुळवण्याची विद्या मिस्त्रींनी याच काळात हस्तगत केली.

नव्या जीपेच्या भारतीय कथेत हैदराबादचा धागा अनपेक्षितपणे येतो. युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहणारे कैलासचंद्र महिंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि निजाम सरकारात अर्थखाते सांभाळलेले मलिक गुलाम महंमद यांनी 1945 मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1948 मध्ये कंपनीच्या नावातील ‘महंमद’ जाऊन तेथे दुसरा ‘महिंद्र’ आला, आणि सुट्या भागांच्या रूपात आणलेल्या विलीज जीपा मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या.

त्याच सुमारास जुनी जीप दुरुस्त करून वापरण्याचा व्यवहार संसदेपर्यंत पोहोचला. लष्करासाठी लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत, म्हणजे व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सौदा झाला. प्रत्यक्षात 155 गाड्या आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा म्हणून हे प्रकरण लक्षात राहिले आहे. रंग ताजा आणि आतून गंज, हा जुन्या जीपेच्या बाजारातला धोका तेव्हापासूनचा आहे.

जीपेचे कूळ ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. युद्धकालीन गाडीचा बॉनेट सपाट आणि बुटका असून पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, तर 1945 नंतरच्या नागरी जीपेत त्या सात होतात. विलीजच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी. शिवाय फोर्डने आपल्या बोल्टांवरदेखील इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवले आहे. महिंद्रने दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-3बी या प्रकाराचा बॉनेट उंच दिसतो, कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या बाजूला नसून डोक्यावर आहेत आणि त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आहे. अमेरिकी लष्करी जीपेचे स्टिअरिंग डावीकडे आणि वीजव्यवस्था सहा व्होल्टची होती; अशा गाडीत उजवे स्टिअरिंग किंवा बारा व्होल्टची बॅटरी दिसली, तर तिच्यावर मिस्त्रीचा हात फिरला आहे हे उघड होते. पुढच्या चाकांना ओढ वाटून देणारा दुसरा गिअरबॉक्स जागेवर आहे की नाही, हेही गाडीखाली वाकून पाहावे लागते, कारण महिंद्रने केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपाही बऱ्याच विकल्या.

सर्वांत मोठा पालट पेट्रोल महागल्यानंतर झाला. मूळचे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी ट्रॅक्टरच्या घराण्यातले किंवा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवण्याची रीत पडली. त्यासाठी माउंटिंग कापून नव्याने वेल्ड करणे, वाढलेल्या वजनाखाली दबणाऱ्या पाट्यांत एखादा पाटा वाढवणे ही कामे गल्लोगल्लीच्या गॅरेजांत होत. या जुगाडाला आज शौकीन नाके मुरडतात, पण त्याच्यामुळेच असंख्य जीपा भंगारात जाण्यापासून वाचल्या, हे मान्य करायला हवे.

कायद्याची व्याख्या मात्र नेमकी याच्या उलट दिशेने जाते. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि वापर मुख्यत्वे प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल एवढ्यापुरता. डिझेल इंजिन बसवलेली, म्हणजे या देशातील जीपेचा इतिहास खऱ्या अर्थाने अंगावर वागवणारी गाडी या व्याख्येत सहसा बसत नाही. इंजिनाच्या बदलाची नोंद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे झालेली नसेल, तर ती रस्त्यावर आणणेही अडचणीचे ठरते.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातील, म्हणजे काचीगुडा-नारायणगुड्याच्या परिसरातील ग्राहकाला सुट्या भागांसाठी लांब जावे लागत नाही; कोठीजवळची पुतलीबावली आणि सिकंदराबादेतील राणीगंज येथे मोटारींच्या भागांची दुकाने आहेत. रिंग-पिस्टन, ब्रेकचे रबर, वायरिंग, हूडचे कापड हे सारे पैसे मोजून मिळते किंवा बनवून घेता येते. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आणि त्याच्याशी जुळणारे आरसी बुक तेवढे बनवून मिळत नाही, आणि मिळत असल्यास तो गुन्हा असतो. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी चेसिसवरचा रंग खरवडून क्रमांक वाचावा, तो कागदाशी ताडून पाहावा, आणि मेळ बसत नसेल तर बयाणा देऊ नये.